माणिकअण्णांनी पिन घातली होती

माझा सगळा धंदा जमिनीखालचा. चाळीस वर्षं मी बोअरमध्ये पंप सोडले आणि बोअरमधून पंप काढले. बसवकल्याणला मोठ्या रस्त्यावर माझं दुकान होतं, आता मुलगा बघतो. दिवाळी अंकाच्या संपादकांनी धंद्यातले चार अनुभव लिहून द्या म्हटलं, तेव्हा त्यांच्या मनात गमतीजमती असाव्यात. एकदोन आहेत, त्या सांगतो. पण मी लिहायला बसलो ते वेगळ्या कारणासाठी. हुलसूरच्या माणिकअण्णांच्या नावावर अकरा वर्षं एक चूक लागून राहिली आहे. ती चूक त्यांची नव्हती, माझी होती. त्यांच्या घरी जाऊन मी हे त्यांना सांगितलं आहे. आता छापून सांगतोय, कारण तशी त्यांनी अट घातली.

आधी धंदा समजून घ्या, नाहीतर चूक समजणार नाही.

बोअर म्हणजे वीतभर रुंदीचं, चार-पाचशे फूट खोल भोक. त्यात पंप सोडायचा आणि पंपाच्या डोक्यावर वीस-वीस फुटांचे लोखंडी पाइप एकाला एक जोडत जायचे. वर तीन पायांचा लोखंडी सांगाडा, त्याला आम्ही घोडी म्हणायचो. घोडीला साखळीची कप्पी. पाइपला क्लॅम्प आवळायचा, कप्पीनं भार उचलायचा, खाली सोडायचा, मग पुढचा पाइप. शेवटी सगळं वजन त्या एका क्लॅम्पवर येतं. तो सटकला की पंप, पाइप, केबल सगळं खाली. गिऱ्हाईक डोक्याला हात लावून बसतं आणि आपण त्याच्या तोंडाकडे बघत नाही.

मला ज्यांनी हे काम शिकवलं त्या उस्तादांचा एकच नियम होता. ज्यानं क्लॅम्प आवळला, त्यानंच भार येताना बोअरच्या तोंडाशी पाय रोवून उभं राहायचं. दुसऱ्यानं नाही. मन्नाएखेळ्ळीला हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याचा पंप काढताना माझा क्लॅम्प चार बोटं सरकला आणि मी पाय उचलून मागं उडी मारली. पंप पडला नाही, पण उस्तादांनी काम थांबवलं.

"पाँव कायकू उठाया?" ते म्हणाले.

"क्लॅम्प सरका ना उस्ताद."

"सरका तो सरका. तू बाँध्या, तू उठाया. मतलब तेरे काम पे तेरेकूच भरोसा नै." मग हॉटेलवाल्याकडे वळून म्हणाले, "इसकू चाय नक्को."

त्या दिवशी मला खरंच चहा मिळाला नाही. पण नियम कायमचा बसला. क्लॅम्प, बोल्ट, जोड, जे काय असेल ते असं आवळायचं की केसभर हलता कामा नये. आमच्या धंद्यात हललं म्हणजे गेलं. चाळीस वर्षं मी या एका गोष्टीवर पोट भरलं आणि ती मला इतकी खरी वाटायची की जगात दुसऱ्या प्रकारचंही काम असतं हे डोक्यात शिरलं नाही.

दुसरी गोष्ट सोमवारची. आमच्याकडे बसवण्णांना मानणारी घरं सोमवारी बैल जुंपत नाहीत. हुलसूरच्या अलीकडे एक रायम्मा आज्जी होती. तिचा पंप बंद पडला म्हणून निरोप आला, मी घोडी घेऊन पोहोचलो, तर आज्जी बोअरवर घोंगडं टाकून बसलेली.

"आज कामून आलास? आज सोमवार हाय."

"आज्जी, हा पंप हाय. बैल न्हाई."

"आधी मोट कोण वढायचा?"

"बैल."

"मग आता त्येचं काम कोन करायलंय?"

आज्जीनं पंपाच्या स्टार्टरच्या डब्याला झेंडूची माळ घातली होती. मी भाकरी खाऊन परत आलो. अशी बरीच घरं होती, त्यामुळे सोमवारी मला काम कमी असायचं. हा सोमवार लक्षात ठेवा.

माणिकअण्णा हुलसूरचे. घरची शेती, पण तरुणपणी ते मुंबईला गेले आणि मालवाहू जहाजावर नोकरीला लागले. पंचवीस वर्षं त्यांनी समुद्रावर काढली आणि मग तूर, सोयाबीन करायला परत आले. येऊन काही वर्षं झाल्यावर त्यांनी मुंबईहून एक जुनी शिडाची बोट आणली. सोळा फुटी, फायबरची, दोघं-तिघं बसतील एवढी. तूरडाळ घेऊन मुंबईला गेलेल्या ट्रकवर ती परतीच्या भाड्यात आली. उमरग्याच्या पुढं चहाला ट्रक थांबला तेव्हा लोक भोवती जमले. ही गुळाची काहील आहे का, असं एकानं विचारलं. अण्णा म्हणाले, बोट आहे. "मग समुद्र मागच्या ट्रकात यायलाय का?" असं तो म्हणाला. अण्णा ही गोष्ट स्वतः सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

बोट त्यांनी कारंजाच्या धरणावर ठेवली. मासेमारी करणारे महबूबभाई काठाला राहायचे, त्यांच्या झोपडीच्या मागं, ताडपत्रीखाली. आणि दर सोमवारी, बैल गोठ्यात विश्रांती घेत असताना, अण्णा आणि त्यांच्या घरच्या सुशीलाअक्का जीपमधून धरणावर जायचे. अक्का इरकल नेसून, मांडीवर भाकरीचं फडकं घेऊन बोटीत बसायच्या. साठी ओलांडलेलं जोडपं, पांढरं शीड, आणि चहूकडे आमचा काळा माळ. गावात लोक हसायचे. मला त्यांचा हेवा वाटायचा. माझ्या घरची आजारी होऊन लवकर गेली. तिला मी पंपाशिवाय काही दाखवलं नव्हतं.

एका पावसाळ्याच्या सुरुवातीला अण्णा दुकानात आले. शिडाची काठी उभी राहते ती तीन तारांवर, हे त्यांनी मला काउंटरवर चुना-तंबाखूच्या डबीवर काडी उभी करून दाखवलं. दोन तारा दोन बाजूंना आणि एक पुढं, बोटीच्या नाकाला. घरी जाताना काठी आडवी करायची, पुढच्या सोमवारी परत उभी करायची. तारा जुन्या, गंजलेल्या. त्या खाली बोटीला नुसत्या दोरीनं ताणून बांधलेल्या होत्या.

"काशप्पा, हे सगळं नवं करायचंय. स्टीलची तार, स्टीलच्या कप्प्या, आणि दोरीच्या जागी टर्नबकल."

टर्नबकल मला माहीत होता. पत्र्याच्या शेडला, खांबाच्या ताणाला वापरतात. मधे एक लांबट घर, दोन्ही टोकांना दोन स्क्रू, एक सरळ आट्याचा, एक उलट्या. मधलं घर फिरवलं की दोन्ही स्क्रू आत येतात आणि तार ताणली जाते.

"एक लक्षात ठेव," अण्णा म्हणाले. "टर्नबकल खाली बोटीच्या कडेच्या लोखंडी पट्टीला थेट जोडायचा न्हाई. मधे एक कडी घालायची. अशी, की टर्नबकल पुढं-मागं बी हलला पाहिजे आणि आजूबाजूला बी."

"हलला पाहिजे?"

"व्हय. काठी हलती, तार हलती, मग ह्यानं बी हलायला पाहिजे."

"अण्णा, जोड वाढवला की खराबी वाढती. मी असं पक्कं करून देतो की बोट बुडंल पण जोड सुटायचा न्हाई."

"तू बैलगाडीचं जू दांडीला खिळ्यानं ठोकतोस का दोरानं बांधतोस?"

"दोरानं."

"कामून?"

मी शेतकऱ्याचा मुलगा. जू ठोकून बसवलं तर पहिल्याच खाचेत दांडी मोडेल, हे मला पाचव्या वर्षी ठाऊक होतं. तरी मी हसलो आणि म्हटलं, "तुमी जावा अण्णा, मी बघतो." अण्णा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दोन आठवडे हैदराबादला चालले होते. जाताना त्यांनी कडीचं चित्र कागदावर काढून दिलं.

पुढचे दोन सोमवार मी धरणावर काम केलं. तार हैदराबादहून मागवली. कप्प्या बदलल्या. महबूबभाई बाजूला जाळं विणत बसायचे आणि मधेच म्हणायचे, "क्या चमक्यारा रे काशप्पा, मछ्ल्याँ अंधे होते." काम सुंदर झालं होतं, हे मी आजही म्हणेन. एवढंच की कड्या मी घातल्या नाहीत. बाजूच्या दोन्ही पट्ट्या सोडून दुकानात आणल्या आणि टर्नबकलचा खालचा स्क्रू थेट पट्टीला वेल्ड केला. खणखणीत. हातोडीनं मारून बघितला, केसभर हलला नाही. मला फार बरं वाटलं. आळस नव्हता, दोन पैसे वाचवायचे असंही नव्हतं. मला अण्णांपेक्षा जास्त कळतं असं वाटत होतं.

मग वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला आणि तारेनं बांधला. पाणी जाऊ नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्या रबराखाली काय आहे ते कोणाला दिसणार नव्हतं.

अण्णा परत आले, डोळ्यावर हिरवा चष्मा. बोटीभोवती फिरले, तारांवरून हात फिरवला, कप्प्या फिरवून बघितल्या. लहान मुलासारखे खूश झाले. मग रबराला हात लावून म्हणाले, "खाली कड्या घातल्यास ना?"

"व्हय, अण्णा."

एवढा एक शब्द. त्यांनी रबर सोडून बघितलं नाही. माझ्यावर विश्वास होता.

नाकाकडची पुढची तार मात्र दर सोमवारी सोडावी-बांधावी लागायची. तिला एक पिन होती, बोटाएवढी जाड, चावीसारखी वळलेल्या डोक्याची. ती पिन फक्त अण्णा घालायचे. पाण्यात पडून हरवू नये म्हणून अक्कांनी तिच्या डोक्याला आपल्या इरकलीच्या लाल काठाचा दोरा बांधला होता. अण्णा पिन घालायचे, दोऱ्याला धरून एकदा ओढून बघायचे आणि म्हणायचे, "बस, सुशीला." मग अक्का बसायच्या.

मी मात्र त्या बोटीत कधी बसलो नाही. अण्णा म्हणायचे, चल की. मला पोहता येत नाही, असं मी सांगायचो. ते खरंच होतं. उस्तादांचा नियम मला तेव्हा आठवला नाही, किंवा आठवू दिला नाही.

असे सात-आठ सोमवार गेले. ज्या सोमवारी काठी पडली त्या दिवशी मी काठावरच होतो. शेजारच्या गावात पंप बघून परत जाताना थांबलो होतो. पश्चिमेकडून वारा बरा होता, फार नाही. बोट काठापासून दगड टाकला तर पोहोचेल एवढी आत. ताडकन आवाज झाला आणि काठी आडवी आली. शिडासकट अक्कांच्या खांद्यावर. बोट एका अंगाला कलली आणि अक्का पाण्यात गेल्या.

महबूबभाई माझ्याआधी धावले. त्यांचा थर्माकोलचा तराफा होता, तो घेऊन पोहोचले. "अक्का, हात दो, हात दो," एवढंच ते ओरडत होते. मी गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. पुढं जाता येईना. अक्कांना बाहेर काढलं, गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. अण्णा त्यांचं डोकं मांडीवर धरून जीपमध्ये बसले, महबूबभाईंच्या भाच्यानं जीप चालवली आणि ते भालकीच्या दवाखान्याकडे गेले.

महबूबभाईंनी तराफ्यानं बोट काठाला आणून दिली; ती बघायला मी मागं राहिलो. रबर फाटलं होतं. आतला स्क्रू वेल्डच्या जरा वर तुटला होता. तार बोटांत धरून सारखी वाकवली की शेवटी जशी तुटते, तसा. दर सोमवारी काठी उभी करताना आणि आडवी करताना, वाऱ्यात डुलताना, तो स्क्रू एकाच जागी वाकत होता. त्याला वळायला जागा मी ठेवली नव्हती. बघितल्याबरोबर सगळं कळलं.

पुढची तार शाबूत होती. पिन जागेवर होती, लाल दोरा ओला होऊन नाकाला चिकटलेला.

त्यानंतर मी जे केलं ते लिहिताना आजही हात थांबतो. तुटलेला टर्नबकल मी वरून सोडला आणि पट्टीसकट टॉवेलात गुंडाळला. मग नाकापाशी गेलो आणि पिन काढून खिशात घातली.

संध्याकाळी दवाखान्यात अण्णांनी विचारलं, "काय झालं असंल रे?"

"पुढची पिन न्हाई दिसली, अण्णा. ती बसली नसंल. काठी मागं झुकली, झटक्यानं बाजूची तार तुटली."

अण्णांनी हिरवा चष्मा काढून डोळे पुसले. "घातली होती असं वाटायलंय," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "डोळा नवा हाय. नीट बसली नसंल." आणि मग ते अक्कांच्या खाटेशी जाऊन, त्या झोपल्या असताना, तीनदा म्हणाले, "चुकलं माझं."

मी तिथंच उभा होतो.

बोट ताडपत्रीखाली गेली ती गेलीच. अक्कांचा खांदा दोन महिन्यांत भरला. अण्णा मात्र बदलत गेले. जीप चालवायची सोडली. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचे. हुलसूरच्या चहाच्या हॉटेलात कोणी चष्मा विसरला, छत्री विसरली, की बाकीचे म्हणायचे, "पिन राहिली का रे?" तो शब्द गावात रुळला. अण्णांसमोरही म्हणायचे आणि अण्णा हसायचे. मी एकदा त्या हॉटेलात होतो आणि मीही हसलो.

टर्नबकल आणि पिन मी दुकानात एका बिस्किटाच्या डब्यात ठेवली. खंडेनवमीला आम्ही सगळी हत्यारं मांडून पूजा करतो. पान्हे, क्लॅम्प, चेनकप्पी, सगळ्याला हळदकुंकू. तो डबाही मी मांडायचो, झाकण न उघडता. मुलानं एकदा विचारलं, यात काय आहे. जुनं सामान, म्हटलं.

मागच्या उन्हाळ्यात बसवकल्याणच्या स्टँडवर सुशीलाअक्का भेटल्या. हुलसूरच्या बसची वाट बघत होत्या. पणतीचं बारसं झालं म्हणून त्यांनी मला पिशवीतून चार पेढे दिले.

"अण्णा खूश असतील," मी म्हटलं.

"खूश हायेत. लांबून." अक्का बसच्या पाटीकडं बघत बोलत होत्या. "सगळे म्हणाले, घ्या की तिला. ते हात मागं बांधून उभारले. म्हणाले, नगं, माझ्या हातानं पडंल."

"का बरं?"

"का म्हणून काय विचारतोस, काशप्पा. तुला तर ठावं हाय. त्या दिवसापासून त्यांचा त्यांच्या हातावर भरवसा न्हाई. मी कितीदा म्हणलं, माझा खांदा बरा झालाय, आता सोडा की. ऐकत न्हाईत."

बस आली. अक्का चढल्या. मी पेढे हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. डबा पिशवीत घातला आणि हुलसूरला गेलो. अण्णा ओट्यावर बाजेवर बसले होते, अक्का तूर निवडत होत्या. अण्णा ब्याऐंशीचे, मी एकाहत्तरचा. मी डबा उघडून दोन्ही वस्तू बाजेवर ठेवल्या.

अण्णा टर्नबकलकडे बघत राहिले. अक्कांनी आधी पिन ओळखली. सुपातला हात तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "हा दोरा माझा हाय."

मग मी सगळं सांगितलं. कड्यांचं, वेल्डिंगचं, रबराचं. पिन कुठं होती ते आणि माझ्या खिशात कशी आली ते. मी बोलत होतो तेव्हा अण्णांनी पिन उचलली आणि दोरा बोटाला गुंडाळत राहिले. दोरा विटून विटकरी झाला होता.

बोलणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "पिन मी घातली होती?"

"व्हय, अण्णा."

"नीट बसली होती?"

"घट्ट बसली होती. मला काढायला जोर लावावा लागला."

त्यांनी पिन बाजेवर ठेवली. मग टर्नबकल उचलला, तुटलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला. "हे एका दिवसात तुटलं न्हाई," ते म्हणाले. "आठ सोमवार तुटत होतं." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "अकरा वर्षं, काशप्पा. मला वाटलं मी म्हातारा झालो. तसा झालोच म्हणा. पण त्या दिवशी झालो नव्हतो."

मी पायांना हात लावायला वाकलो. त्यांनी पाय वर बाजेवर घेतले.

अक्का उठल्या. मला वाटलं पाणी देतील. त्या म्हणाल्या, "तू त्या रात्री दवाखान्यात होतास. ते माझ्या खाटेपाशी काय म्हणत होते, मी ऐकत होते. डोळे मिटून पडले होते. तू बी ऐकलंस?"

"व्हय, अक्का."

"मग जा आता. आज तुला चहा न्हाई."

इतक्या वर्षांनी दुसऱ्यांदा चहा नाकारला गेला आणि दोन्ही वेळी कारण एकच होतं. मी बस धरून परत आलो.

दहा-बारा दिवस काही नाही. मग अक्कांचा फोन आला. त्यांच्या मागं अण्णांचा आवाज येत होता, ते सांगत होते आणि अक्का मला सांगत होत्या. "ते म्हणायलेत, कड्या करून घेऊन ये. दोन. आणि चित्र हरवलं असंल तर तसं सांग."

चित्र हरवलं नव्हतं. डब्याच्या तळाशी होतं.

कड्या मी स्वतः केल्या, मुलाच्या लेथवर. आजकाल तयार मिळतात, पण त्या मागवाव्यात असं वाटलं नाही. एका टोकाला दुबेळकं, दुसऱ्या टोकाला आडवं भोक, दोन्हींत पिना काटकोनात. हातात धरून हलवली की बैलाच्या मानेसारखी कुठंही वळते. मुलगा म्हणाला, "अप्पा, हे सैल हाय." मी म्हटलं, सैलच पाहिजे. तो माझ्याकडं बघत राहिला. सैल पाहिजे हे वाक्य माझ्या तोंडून त्यानं पहिल्यांदा ऐकलं होतं.

पावसाळा बरा झाला, धरण भरलं. महबूबभाईंनी ताडपत्री काढली तेव्हा बोटीत दोन मांजरं आणि एक जुनी चप्पल निघाली. मी पट्ट्या नव्या केल्या, तारा नव्या ओढल्या, खाली कड्या घातल्या. रबर चढवलं नाही. सगळं उघडं ठेवलं.

त्या सोमवारी अण्णा-अक्का आले. जीप नातवानं चालवली. अण्णांनी हातातली चालायची काठी टेकत बोटीला एक फेरी मारली. डाव्या कडीला बोट लावून त्यांनी टर्नबकल हलवला. तो पुढं गेला, मागं आला, बाजूला वळला. उजवीकडंही तसंच केलं. मला काही विचारलं नाही. डोळ्यांनी दिसत होतं, विचारायचं काय.

मग खिशातून पिन काढली. अक्कांनी तिला नवा दोरा बांधला होता, पुन्हा इरकलीच्या काठाचा. महबूबभाईंनी काठी उभी धरली, अण्णांनी तार ओढून नाकाशी आणली. भोकाला भोक जुळायला वेळ लागला. कोणी मदतीला गेलं नाही. पिन बसली. त्यांनी दोऱ्याला धरून एकदा ओढलं. मी मनात दुसऱ्यांदा ओढण्याची वाट बघत होतो. त्यांनी हात सोडला आणि म्हणाले, "बस, सुशीला."

अक्का मांडीवर फडकं घेऊन बसल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तू कामून उभारलास?"

"मला पव्हता येत न्हाई, अक्का."

"मला कुठं येतंय? ह्यांच्या मागं बस."

महबूबभाई हसले. "बैठ रे. डुब्या तो मई हूँ ना."

मी चपला काठावर काढल्या आणि बसलो. पाय बोटीच्या तळाला रोवले. उस्ताद असते तर तेच बघितलं असतं.

वाऱ्यानं शीड भरलं आणि बोट कलली तेव्हा मी बोटीची कड धरली. अण्णा सुकाणू धरून बसले होते. पुढचं पाणी बघत, माझ्याकडं पाठ करून, ते म्हणाले, "घरात सांगितलंस. गावाला कोण सांगणार?"

"मी सांगतो."

"तोंडानं नगं. हॉटेलात उद्या विसरतील. लिहून सांग. दिवाळीच्या पुस्तकात तुमचे लोक लिहितात ना पंपाचं, बियाण्याचं, तिथं."

म्हणून हे लिहिलं. हुलसूरच्या हॉटेलात हा अंक जातो हे मी विचारून घेतलं आहे.

धरणाच्या मध्यावर वारा वाढला. माझ्या दोन्ही बाजूंनी बारीक टिकटिक आवाज येऊ लागला. मी उजव्या कडीकडे बघितलं. ती वळत होती, परत येत होती, परत वळत होती. चाळीस वर्षांत असा आवाज आला की मी पान्हा उचलायचो.

"अण्णा, कड्या हलायल्यात."

"हलू दे," अण्णा म्हणाले.

अक्का फडक्याची गाठ सोडत होत्या. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, अंबाडीची भाजी. पहिली भाकरी त्यांनी माझ्या हातावर ठेवली आणि सहज सांगितल्यासारखं म्हणाल्या, "रात्री ह्यांनी पणतीला मांडीवर घेतलं. झोपेपर्यंत खाली ठेवली न्हाई."